नवा प्राध्यापक आणि मागचा बाक

सणसरच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवायचं असेल, तर बारावीनंतर डी.एल.एड. करावं लागतं आणि वर टीईटी पास व्हावी लागते. हायस्कूलला शिकवायचं तर बी.एड. हवं. या अभ्यासक्रमांत टाचणं काढावी लागतात, पाठ घ्यावे लागतात, आणि मार्गदर्शक वर्गाच्या मागे बसून प्रत्येक पाठावर शेरा लिहितात. याच गावातली मुलं पुढे बारामतीला किंवा इंदापूरला इंजिनिअरिंगला जातात. तिथे त्यांच्यासमोर पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या प्राध्यापकाने त्याआधी एकही पाठ घेतलेला नसण्याची शक्यता दाट असते. एम.ई. झालं, मुलाखत झाली, ऑर्डर मिळाली, हातात टाइमटेबल पडलं, की सोमवारी सकाळी सत्तर मुलांपुढे उभं राहायचं. विषय बऱ्याचदा विभागातल्या जुन्या लोकांनी सोडलेला असतो. मार्गदर्शन म्हणून आधीच्या शिक्षकाची कोर्स फाइल मिळते, तीही मिळाली तर.

हा प्रश्न देशभराचा आहे, पण सणसर तो पाहायला मोक्याच्या जागी आहे. बारामती-इंदापूर रस्त्यावरचं, भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या शेजारचं हे गाव. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं अभियांत्रिकी महाविद्यालय २००० साली सुरू झालं. आज ते कमलनयन बजाज यांच्या नावाने ओळखलं जातं. मालेगाव बुद्रुकला शिवनगर विद्या प्रसारक मंडळाचं कॉलेज आहे, इंदापूरजवळ वनगळीला एस. बी. पाटील कॉलेज आहे, आणि भिगवणजवळ स्वामी चिंचोलीला दत्तकलाचं. सगळी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली, सगळी विनाअनुदानित, आणि सगळ्यांकडे येणारी मुलं बारामती, इंदापूर, दौंड, फलटण, माळशिरस याच पट्ट्यातली. एका गावातून एसटीने किंवा दुचाकीने जाता येतील अशा अंतरावर इतकी कॉलेजं आहेत, पण तरुण शिक्षकांना घडवणारी एकही सामाईक जागा नाही. माझं म्हणणं याच जागेबद्दल आहे.

ही परिस्थिती कशी आली ते थोडक्यात सांगतो. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. तोवर पुण्याचं १८५४ सालचं सरकारी कॉलेज, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, कराडचं सरकारी कॉलेज अशी मोजकी नावं होती. तिथे नवा अधिव्याख्याता जुन्यांच्या सावलीत शिकायचा. विभागात वीस-पंचवीस वर्षं शिकवलेली तीन-चार माणसं असायची. त्यांच्या लॅबमध्ये मदतनीस म्हणून उभं राहता राहता हाताला वळण लागायचं. ८३ नंतर, आणि पुन्हा २००० च्या आगेमागे, कॉलेजं इतक्या वेगाने वाढली की ती सावलीच उरली नाही. अख्खा विभाग तिशीच्या आतल्यांचा, आणि विभागप्रमुखही पस्तिशीचा. अनेकजण नोकरी मिळेपर्यंत म्हणून आले आणि राहिले, ते त्यांना शिकवणं आवडलं म्हणून. मार्च २०१० मध्ये एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, सहायक प्राध्यापकासाठी बी.ई. आणि एम.ई. दोन्ही, आणि त्यातल्या एकात प्रथम श्रेणी, अशी अट आणली. मग नुसत्या बी.ई.वर लागलेल्या शेकडो लोकांनी नोकरी करत एम.ई. केलं. पदव्या वाढल्या आणि विषयाची जाण वाढली. शिकवणं मात्र ज्याने त्याने आपापलं, मुलांवर प्रयोग करत शिकायचं, हे तसंच राहिलं.

सरकारने काही केलं नाही असं म्हणता येणार नाही. १९६४ ते १९६७ या काळात मद्रास, भोपाळ, कलकत्ता आणि चंदीगड इथे तंत्रशिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या चार संस्था उभ्या राहिल्या. महाराष्ट्र भोपाळच्या संस्थेकडे येतो. २००३ पासून या संस्थांना एनआयटीटीटीआर म्हणतात. त्या मुळात पॉलिटेक्निकच्या शिक्षकांसाठी होत्या आणि त्या काळी तिथले अभ्यासक्रम वर्ष-दीड वर्षाचे असायचे. म्हणजे डिप्लोमाला शिकवणारा माणूस रीतसर तयार होत होता. डिग्रीला शिकवणाऱ्याला त्याची गरज आहे असं कोणाला वाटलं नव्हतं. १९७० मध्ये क्यूआयपी ही शिक्षकांच्या गुणवत्तावाढीची योजना आली. तिच्यामुळे कॉलेजमधले शिक्षक आयआयटीत जाऊन एम.टेक., पीएच.डी. करू लागले. चांगली योजना, पण ती पदवी वाढवणारी. आयएसटीई या तंत्रशिक्षकांच्या संघटनेच्या उन्हाळी-हिवाळी शाळा चालल्या आणि त्यांनी दोन पिढ्यांना नव्या विषयांची ओळख करून दिली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने विद्यापीठांमध्ये अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली. खेड्यातल्या विनाअनुदानित कॉलेजच्या अॅडहॉक शिक्षकाला तिथे तीन-चार आठवडे रजा देऊन पाठवणं क्वचितच कोणाला परवडलं.

त्यानंतरचा मोठा प्रयत्न मुंबईतून झाला. आयआयटी मुंबईचे प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने, केंद्राच्या आयसीटी मिशनखाली, दहा हजार शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम उभा राहिला. पवईत तज्ज्ञ शिकवायचे आणि देशभरातल्या कॉलेजांमध्ये उभारलेल्या केंद्रांवर बसून शिक्षक थेट ऐकायचे, प्रश्न विचारायचे, दुपारी प्रयोगशाळेत काम करायचे. मला या योजनेत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की शिक्षकाला गाव सोडावं लागत नव्हतं आणि शेजारच्या कॉलेजातला तोच विषय शिकवणारा माणूस शेजारच्या खुर्चीवर बसलेला असायचा. दुपारच्या चहाला दोन अनोळखी शिक्षक 'तुम्ही हा धडा कसा घेता?' असं एकमेकांना विचारायचे. योजनेचा निधी आटला तशी ती गाठभेटही थांबली. खासगी क्षेत्रातून विप्रोने ५ सप्टेंबर २००७ रोजी मिशन टेनएक्स सुरू केलं. वर्गात मुलांना बोलतं कसं करायचं हे अनेक शिक्षकांनी आयुष्यात पहिल्यांदा तिथे अनुभवलं. ते कामही काही वर्षांनी बाजूला पडलं.

२०१४ च्या जूनमध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला आणि एनबीएचं, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाचं, मानांकन कॉलेजांच्या जिव्हाळ्याचा विषय बनलं. इथून पुढे प्रशिक्षणाचा अर्थच बदलला. एनबीएच्या २०१५ च्या स्वयंमूल्यमापन नमुन्यात शिक्षकाच्या प्रशिक्षणाला गुण होते: दोन ते पाच दिवसांच्या कार्यक्रमाला तीन, पाच दिवसांहून जास्त असेल तर पाच. नॅकच्या मूल्यांकनातही असं प्रशिक्षण किती शिक्षकांनी घेतलं याची टक्केवारी भरावी लागते. यूजीसीच्या २०१० च्या नियमांपासून बढतीसाठीही असे कार्यक्रम मोजले जातात. गुण दिवसांवर मिळतात म्हटल्यावर कॉलेजांनी दिवस गोळा केले. एक आठवड्याची एफडीपी, म्हणजे शिक्षक विकास कार्यक्रम, हा एक ठरलेला साचा झाला. सोमवारी उद्घाटन, मग रोज दोन पाहुण्यांची दोन व्याख्यानं, आणि शनिवारी प्रमाणपत्र. मार्च २०२० नंतर टाळेबंदीत हेच सगळं ऑनलाइन झालं. मोबाइलवर व्याख्यान लावून ठेवायचं, शेवटी फॉर्म भरायचा, ईमेलवर ई-सर्टिफिकेट. त्या काळात चांगले कार्यक्रमही झाले; एआयसीटीईच्या अटल अकादमीने काही विषयांना खरोखर उत्तम माणसं बोलावली. पण पंचवीस प्रमाणपत्रं फाइलला लावलेला एखादा तरुण शिक्षक आजही फळ्याकडे तोंड करून तासभर लिहीत असेल, तर ती प्रमाणपत्रं मोजण्यात आपलं काहीतरी चुकतंय हे उघड आहे. दोष त्या शिक्षकाचा नाही. जे मोजलं जातं तेच त्याने दिलं.

कागदावर सर्वांत नीट विचार एआयसीटीईनेच केला. मार्च २०१९ च्या वेतन आणि पात्रतेच्या नियमांबरोबर नव्या शिक्षकांसाठी आठ घटकांचा प्रशिक्षणक्रम आला. तंत्रशिक्षणाची ओळख, व्यावसायिक नीती, संवादकौशल्य, पाठाचं नियोजन, तंत्रज्ञानाचा वापर, मूल्यमापन, सर्जक संशोधन आणि संस्थेचं प्रशासन असे हे आठ घटक. ते 'स्वयम्' पोर्टलवर ऑनलाइन करायचे, त्यानंतर एका ज्येष्ठ मार्गदर्शकाच्या हाताखाली प्रत्यक्ष शिकवायचं, आणि शेवटी महिनाभर उद्योगात जायचं. मला ही रचना मनापासून पटते. पहिला टप्पा पोर्टलवर असल्यामुळे तो पार पडतो: व्हिडिओ पाहायचे, असाइनमेंट द्यायच्या, परीक्षा. दुसरा आणि तिसरा टप्पा माणसांवर आणि वेळेवर अवलंबून आहेत. तिथे बहुतेक ठिकाणी कागदावर सही होते आणि काम पुढे जातं. खरा फायदा मात्र त्या दोनच टप्प्यांत आहे.

हे मी नुसत्या मतावर म्हणत नाही. ग्रॅहम गिब्ज आणि मार्टिन कॉफी यांनी २००४ मध्ये आठ देशांतल्या बावीस विद्यापीठांमधल्या नव्या शिक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातलं प्रशिक्षण चार ते अठरा महिने चालणारं, रोजच्या शिकवण्याला जोडलेलं होतं. ज्यांना ते मिळालं त्यांच्या वर्गातली मुलं विषय समजून घेण्याकडे वळली आणि शिक्षकही मुलांकडे पाहून शिकवू लागले. ज्यांना मिळालं नाही, ते आहेत तिथेच राहिले किंवा मागे सरकले. मागे सरकण्याची ही बाब आपण नीट समजून घ्यायला हवी. नवा शिक्षक नुसत्या अनुभवाने आपोआप चांगला होत जातो ही आपल्याकडची पक्की समजूत आहे. एकट्याने काढलेली दहा वर्षं त्याला अधिक ताठर, अधिक फळ्याला चिकटलेला करू शकतात. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २२५ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गात मुलं नापास होण्याचं प्रमाण, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गाच्या दीडपट निघालं. आणि हे फक्त परदेशात जमतं असं कोणी म्हणू नये. आयआयटी मुंबईत सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या मोठ्या वर्गात 'आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग सगळ्यांसमोर' ही पद्धत वापरून पाहिली. त्या उपक्रमांदरम्यान सरासरी ८३ टक्के मुलं खरोखर कामात गुंतलेली दिसली. शेकडो मुलांच्या वर्गात हे जमलं, तर सत्तरच्या वर्गात का जमू नये?

आता एका वर्गात जाऊ. या भागातल्याच एका कॉलेजचा वर्ग. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला थर्मोडायनॅमिक्स. शिकवणारा मुलगा एम.ई. होऊन पहिल्याच वर्षी लागलेला, अभ्यासू, आवाज स्वच्छ. रँकिन सायकल, म्हणजे वाफेवर वीज बनवण्याचं चक्र, शिकवत होता. मी मागच्या बाकावर बसलो होतो. फळ्यावर टी-एस (तापमान-एन्ट्रॉपी) आकृती उत्तम निघाली, चारही प्रक्रिया नीट लिहिल्या, कार्यक्षमतेचं सूत्र आलं. वीस मिनिटांत त्याने 'कळलं का?' असं चार वेळा विचारलं आणि पहिल्या दोन बाकांनी चारही वेळा 'हो सर' म्हटलं. माझ्या शेजारच्या मुलाच्या वहीत टी आणि एसचे अक्ष उलटे झाले होते. त्याच्या पुढच्याने आकृती बरोबर काढली होती, पण कंडेन्सरमध्ये वाफेचं पाणी होतं म्हणजे उष्णता नेमकी कुठे जाते, हे विचारल्यावर तो गप्प झाला. फळ्याशी उभ्या असलेल्या शिक्षकाला यातलं काहीच दिसणं शक्य नव्हतं. म्हणून मागे कोणीतरी बसायला हवं.

तासानंतर कँटीनला बसून आम्ही दोनच गोष्टी बोललो. एक, 'कळलं का?' हा प्रश्न विचारायचा नाही. ज्याचं उत्तर वहीत लिहावं लागेल असा प्रश्न विचारायचा आणि दोन मिनिटं वर्गात फिरायचं. दुसरी, वर्गातली निम्मी मुलं ज्या गावांतून येतात तिथे रोज धूर सोडणारा एक बॉयलर आहे, तो या धड्यात आणायचा. पुढच्या आठवड्यात त्याने सुरुवातच तिथून केली. साखर कारखान्यात टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ कुठे जाते? पुस्तकात ती कंडेन्सरला जाते. कारखान्यात ती उसाचा रस आटवायला इव्हॅपोरेटरला जाते. म्हणून तिथे कमी वीज मिळाली तरी चालते, कारण उरलेली उष्णता वाया जात नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा पहिल्यांदा बोलला. त्याचे काका कारखान्यात बॉयलरला होते आणि 'पंचेचाळीस किलोचा बॉयलर' म्हणजे पंचेचाळीस किलो दर चौरस सेंटिमीटर दाब हे त्याला घरातच कळलेलं होतं. मग सहवीजनिर्मितीसाठी त्याहून जास्त दाबाचे बॉयलर का बसवतात, यावर चर्चा झाली. तो तास मी विसरलेलो नाही. त्या शिक्षकाने शिकलेलं सगळं कुठल्याही एफडीपीच्या पत्रिकेत बसलं नसतं. त्याच्या विषयाचं, त्याच्या वर्गाचं, त्याच्या तालुक्याचं ते होतं.

इथे भाषेचा मुद्दा येतो, आणि त्याबद्दल प्रशिक्षणात जवळजवळ कोणीच बोलत नाही. या पट्ट्यातली बहुसंख्य मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली असतात. प्रत्येक शिक्षक वर्गात इंग्रजी आणि मराठी मिसळून शिकवतो आणि ते योग्यच आहे. पण कसं मिसळायचं हे कोणी त्याला सांगत नाही. काहीजण व्याख्या इंग्रजीतून घोकून घेतात आणि गप्पा तेवढ्या मराठीत मारतात. म्हणजे जिथे समजुतीची खरी गरज असते तिथे नेमकी परकी भाषा येते. उलट करायला हवं. संकल्पना मराठीत उलगडायची, तिची नावं आणि परीक्षेत लिहायचं वाक्य इंग्रजीत पक्कं करायचं, आणि मुलांना दोन्हीकडून एकदा स्वतः लिहायला लावायचं. एआयसीटीईने २०२१ मध्ये प्रादेशिक भाषांत अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडच्या पीसीसीओईने संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू केलं. पुस्तकांची भाषांतरं होऊ लागली. आता गरज आहे ती, दोन भाषांत शिकवायचं कसं हे नव्या शिक्षकाला दाखवून देण्याची. सणसर, भवानीनगर, काझडच्या मुलांना याचा जितका उपयोग होईल तितका दुसऱ्या कोणत्याच प्रशिक्षणाचा होणार नाही.

प्रश्नपत्रिकेचंही असंच. एनबीएमुळे प्रत्येक प्रश्नापुढे कोर्स आउटकम आणि ब्लूमच्या वर्गीकरणातली पातळी लिहावी लागते. नव्या शिक्षकाला ती एक्सेलची शीट कशी भरायची हे पहिल्याच महिन्यात शिकवलं जातं. प्रश्न कसा विचारायचा हे मात्र शिकवलं जात नाही. 'रँकिन सायकल आकृतीसह स्पष्ट करा' याला पातळी दोन लिहिली काय, तीन लिहिली काय, मुलगा पाठ केलेलंच उतरवणार. त्याऐवजी, बॉयलरचा दाब वाढवला पण वाफेचं तापमान तेच ठेवलं, तर टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यात वाफ कोरडी राहील की ओली होईल, आणि त्याने पात्यांचं काय होईल, असं विचारलं तर विचार करावाच लागतो. असे दोन प्रश्न एका बैठकीत चार शिक्षकांनी मिळून तयार केले, एकमेकांचे तपासले, तर त्यात जे शिकायला मिळतं ते 'मूल्यमापन' या विषयावरच्या दिवसभराच्या व्याख्यानातही मिळत नाही.

आता तिसऱ्या टप्प्याबद्दल, उद्योगातल्या महिनाभराबद्दल. जर्मनीत उपयोजित विज्ञानाच्या उच्च शिक्षणसंस्थांत प्राध्यापक व्हायचं तर निदान पाच वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो, त्यातली तीन वर्षं विद्यापीठाबाहेरची. आपण एक महिना मागतोय. बारामती एमआयडीसीत पियाजिओ आहे, भारत फोर्ज आहे, फेरेरो आहे. आणि साखर कारखाना तर दाराशीच. गळीत हंगाम संपला की कारखान्यात ओव्हरहॉलिंग सुरू होतं: रोलर काढतात, टर्बाइनचं केसिंग उघडतात, बॉयलरच्या नळ्या तपासतात. यंत्राच्या पोटात डोकावून पाहण्याची ती वर्षातली एकमेव संधी. नेमक्या त्याच महिन्यांत कॉलेजचे तरुण शिक्षक प्रवेशाच्या कामाला लागलेले असतात. ज्युनिअर कॉलेजांना भेटी, मुलांच्या घरी फोन, सीईटीच्या मार्गदर्शनाचे मेळावे. आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडीहून सणसरला मुक्कामाला येते, तेव्हाही कॉलेजात प्रवेशाचीच धावपळ असते. जागा भरल्या नाहीत तर पगार कुठून, हे संस्थेचं म्हणणं खोटं नाही. पण एका विभागातले दोन शिक्षक एप्रिल-मेमध्ये महिनाभर मोकळे केले तर प्रवेश बुडणार नाहीत. संस्थाचालक आणि कारखान्यांचे संचालक इथे बहुतेक एकमेकांच्या ओळखीतलेच असतात. एका पत्राने काम होण्यासारखं आहे.

वेळ आणि पैसा या दोन अडचणी खऱ्या आहेत. नियमाने सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा भार सोळा तास. प्रत्यक्षात त्यावर प्रॅक्टिकल, टीचर-गार्डियन, परीक्षा, पेपर तपासणी, नॅक-एनबीएच्या फाइल, कार्यक्रमांचं आयोजन हे सगळं येतं, आणि सर्वांत नव्या माणसाकडे ते सर्वांत जास्त येतं, कारण तो नाही म्हणू शकत नाही. २०१८ मध्ये एआयसीटीईने विद्यार्थी-शिक्षक प्रमाण १५ वरून २० केलं. माणसं कमी झाली, कामं तेवढीच राहिली. २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांच्या जागांवरची कमाल मर्यादाही काढली, त्यामुळे संगणक आणि एआयच्या शाखांचे वर्ग फुगत चाललेत. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सची एम.ई. झालेली माणसं आता पायथन आणि डेटा सायन्स शिकवताहेत. त्यांना शिकवण्याच्या पद्धतीआधी विषयच शिकायचाय. सातव्या आयोगाने सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० ठेवलं, पण विनाअनुदानित कॉलेजांत ठोक पगारावर, कधी तासिका तत्त्वावर, काम करणारे कितीतरी आहेत. सरकारकडून येणारी शुल्काची परतफेड लांबली की पगारही लांबतो. अशा माणसाला 'तू वर्षभर स्वतःला घडव' असं सांगताना संस्थेने आधी काहीतरी द्यायला हवं. पहिल्या दोन सेमिस्टरला त्याचा भार सोळाऐवजी दहा तास करणं हे सर्वांत साधं, आणि माझ्या मते सर्वांत आवश्यक. हे महाग आहे, मान्य. पण दरवर्षी एफडीपीवर जो पाहुण्यांचा मानधन-जेवण-प्रवास खर्च होतो, त्यातला मोठा हिस्सा इकडे वळवता येईल.

महाराष्ट्रात याचं एक उदाहरण समोर आहे आणि तेही खेड्यातलं. वाळव्यातल्या साखराळ्याचं राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, साखर कारखान्याच्या सावलीत १९८३ साली उभं राहिलेलं. अभियांत्रिकी शिक्षणावरचं संशोधन छापणारं एक भारतीय नियतकालिक तिथून निघतं. कृष्णा वेदुला यांच्या पुढाकाराने २००७ मध्ये सुरू झालेल्या आययूसीईई या अभियांत्रिकी शिक्षणाच्या व्यासपीठाशी तिथल्या शिक्षकांचा जवळचा संबंध आहे. त्यांचे लेख वाचले की लक्षात येतं, तिथले अनेक शिक्षक स्वतःच्याच वर्गाला प्रयोगशाळा मानतात: अमुक धडा असा घेतला, इतक्या मुलांना कळला, मग असा बदलला. हे शिक्षक आकाशातून पडले नाहीत. संस्थेने या कामाला वर्षानुवर्षं मान दिला, म्हणून ते तयार झाले.

बारामती-इंदापूर पट्ट्याला हे करण्यासाठी साखराळ्यापेक्षाही सोयीची परिस्थिती आहे, कारण इथे कॉलेजं अनेक आणि जवळजवळ आहेत. माझ्या डोळ्यांसमोर असं आहे. चार कॉलेजांमधल्या, उदाहरणार्थ, थर्मोडायनॅमिक्स शिकवणाऱ्या सगळ्यांनी सेमिस्टरभर दर पंधरवड्याला एकदा, आळीपाळीने एकेका कॉलेजात भेटायचं. त्या दिवशी यजमान शिक्षकाचा चालू तास सगळ्यांनी मागे बसून पाहायचा, आणि नंतर तासभर त्याबद्दलच बोलायचं. कोणी कोणाला गुण द्यायचे नाहीत आणि गोपनीय अहवालात त्याचा उल्लेख येऊ द्यायचा नाही. याची हमी प्राचार्यांनी लेखी दिली पाहिजे, नाहीतर नवी माणसं दार उघडणार नाहीत. निवृत्त झालेले जाणते प्राध्यापक या भागात आहेत. अशा दोघा-तिघांना मानधन देऊन ज्येष्ठ मार्गदर्शक म्हणून बोलवावं. एआयसीटीईच्या प्रशिक्षणक्रमाचा दुसरा टप्पा असाच पूर्ण झाला असं मान्य करून त्याची नोंद भोपाळच्या संस्थेकडे किंवा विद्यापीठाकडे जावी, म्हणजे शिक्षकाला बढतीसाठी वेगळं प्रमाणपत्र शोधावं लागणार नाही.

प्रत्यक्ष पाहून शिकण्याचं हे महत्त्व बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने शेतीत फार पूर्वी ओळखलं. नवं वाण किंवा ठिबकचं तंत्र पुस्तिकेतून सांगण्यापेक्षा शेतकऱ्याला प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर नेतात, पीक दाखवतात, आणि मग तो आपल्या रानात करून पाहतो. ऊस पिकवणाऱ्याला जे समजतं ते ऊस उत्पादकाच्या मुलाला शिकवणाऱ्या संस्थेलाही समजायला हवं.

यात पहिलं पाऊल कोणी टाकायचं हा प्रश्न उरतो. विद्यापीठ नियम करील याची वाट पाहू नये. नियम झाला की तोही एका रकान्यात जाईल. विभागप्रमुखांनी सुरुवात करावी. त्यांच्या हातात दोन गोष्टी आजच आहेत: टाइमटेबल आणि स्वतःचा वर्ग. नव्या माणसाचं टाइमटेबल हलकं करावं, आणि त्याला मागे बसवून आपला एक तास दाखवावा. तो तास फार भारी झाला नाही तरी चालेल. ज्येष्ठ माणूसही अडखळतो, एखाद्या प्रश्नावर थांबतो, मुलांना विचारतो, हे पाहिल्यावर तरुण शिक्षकाच्या मनातली निम्मी भीती जाते, आणि पुढच्या आठवड्यात तो स्वतः म्हणतो, 'सर, माझ्याही तासाला या.'